पोरगं गप्प झालं की अंगारा नको, डॉक्टर गाठा

मा. संपादक साहेब,

आपल्याकडं पोरगं कॉलेजला जायचं बंद झालं, रात्रभर जागं राहायला लागलं, मित्र तोडले, शेजारचे माझ्यावरच बोलतायत म्हणायला लागलं की घरचे आधी अंगारा आणतात नाहीतर लग्न लावून द्या म्हणतात आणि यात वर्ष निघून जातं. तेच वर्ष महत्त्वाचं असतं हो! सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होऊन खरं काय खोटं काय कळेनासं होणारा मनाचा आजार, पूर्ण सुरू व्हायच्या आधी बऱ्याच जणांत अशी लक्षणं दिसतात. मेलबर्नला डॉ. पॅट्रिक मॅकगोरी यांच्या टीमनं १९९० च्या दशकातच अशा तरुणांसाठी वेगळं क्लिनिक काढलं.

लोक गोळ्यांना घाबरतात म्हणून मुद्दाम सांगतो, धोका आहे म्हणजे आजार होणारच असं नाही, बहुतेकांना होतच नाही, आणि ब्रिटनच्या २०१४ च्या गाइडलाइनमध्ये तर या टप्प्यावर सायकोसिसच्या गोळ्या देऊ नका, सीबीटी म्हणजे बोलून करायचे उपचार द्या, चिंता-नैराश्य असेल तर त्याचा इलाज करा असंच सांगितलंय. गांजा मात्र पूर्ण बंद पाहिजे, त्यानं धोका वाढतो.

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तरुणांसाठी आठवड्यातून एक दिवस वेगळी ओपीडी ठेवा ना. पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, तिथं त्यांच्या भाषेत बोलणारा समुपदेशक पाहिजे, आशाताईंना पण ही लक्षणं शिकवा. तोवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर प्रत्येक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर तरी लावा.

– एक पालक, अशोक चौक, सोलापूर