मीटर अजून आजोबांच्याच नावावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराच्या छतावरील सौरऊर्जेविषयी आपल्या अंकात परवा बातमी आली होती. लोकांत जागृती नाही म्हणून योजना खेड्यात रुजत नाही, असा तिचा सूर होता. मी वाळवा तालुक्यातला वायरमन. आयटीआय करून वीस वर्षे घरांची फिटिंग केली, गेली चार वर्षे सोलरही बसवतो. म्हणजे यात माझे पोट आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण जागृतीचे म्हणाल, तर आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकासुद्धा अनुदानाचे आकडे पाढ्यासारखे म्हणतात. एका किलोवॅटला 30 हजार, दोनाला 60 हजार, तिनाला 78 हजार, आणि पुढे कितीही वाढवा, तेवढेच. 13 फेब्रुवारी 2024 ला प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली, तेव्हापासून चौकशीचे फोन थांबलेले नाहीत. गाडी अडते ती त्याच्या पुढे.

अर्ज भरायचा तो वीजबिलावरच्या ग्राहक क्रमांकावर. जो ग्राहक, त्याचेच बँक खाते, आणि अनुदान त्या खात्यात. बोलायला सरळ आहे. आता आमच्या गावातली बिले काढून बघा. ज्यांच्या नावामागे ‘कै.’ लावायला हवे अशी माणसे दर महिन्याला बिलावर छापून येतात. आजोबा गेले, चुलीच्या जागी गॅस आला, कौले जाऊन स्लॅब पडला, मीटर मात्र आजोबांच्याच नावावर. बिल भरले की झाले, नाव कुणाचे का असेना. सोलरचा विषय निघेपर्यंत त्यावाचून कुणाचे काही अडलेही नव्हते.

एक घर सांगतो. मीटर वडिलांच्या नावावर, वडील जाऊन अकरा वर्षे झालेली. तीन भाऊ, एक बहीण. थोरला मुंबईला, मधला गावात शेती करतो, धाकटा भोसरीला कंपनीत, बहीण कराडला दिलेली. सोलर हवा होता मधल्याला. पिठाची छोटी गिरणी, फ्रीज, दोन पंखे, बोअरची मोटर, बिल चांगलेच येते. मी गेल्या मार्चमध्ये टेप घेऊन त्यांच्या स्लॅबवर चढलो. साडेसात फूट बाय पावणेचार फुटांची सहा पॅनेल दोन ओळींत बसतील, दक्षिणेकडे तोंड करून, एवढा हिशेब झाला. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर कुठवर येते ते बघितले आणि स्टँडच्या पायांच्या जागी खडूने फुल्या मारल्या. खाली चहा होईपर्यंत सगळे ठरलेसुद्धा.

मग नाव बदलायचे निघाले. वडिलांचा मृत्यूचा दाखला होता. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा काढला, तर त्यावरही वडीलच. आता वारसांची संमती हवी. थोरल्याला फोन लावला, तो म्हणाला, “मीटर आज तुझ्या नावावर, उद्या घर तुझ्या नावावर, हे मला कळत नाही व्हय?” मधल्याने शपथा घेतल्या, मीही फोनवर सांगून बघितले की मीटर म्हणजे मालकी नव्हे, ते फक्त बिल कुणी भरायचे एवढ्यापुरते असते. ऐकले नाही. बहिणीचे म्हणणे, थोरला सही करील तेव्हा मीही करते. धाकट्याने तर विषयच वाढवला, सह्याच करायच्या तर वाटणीच करून टाकू म्हणाला. सहा पॅनेलांपायी चार घरांत बोलणे बंद झाले. मधल्याची बायको मला आता रस्त्यात दिसली की दुसरीकडे बघते, जसे काही भांडण मीच लावले.

थोरल्याला मी पूर्ण दोष देत नाही. ज्याचे नाव कागदावर, त्याचे घर, हे आमच्या लोकांनी तलाठ्याच्या दारात उभे राहून शिकलेले आहे. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते, पण ते कुणाच्या तोंडात बसलेले नाही.) माझ्याकडे मोजमापाची वही आहे. तिच्यात फुल्या मारून अडकलेली जी घरे आहेत, त्यांतली निम्म्याहून जास्त या नावापायी अडकली आहेत. पैशाचे जमते. कमी व्याजाने बँक कर्ज देते, नाहीतर पतसंस्था आहेच. नावाचे कर्ज कुठे मिळत नाही.

दुसरी अडचण शहरातल्या माणसाच्या लक्षात येणार नाही. आमच्याकडची निम्मी घरे अर्धवट असतात. खालचा मजला झालेला, आणि स्लॅबवर कॉलमच्या सळ्या चार-चार फूट उभ्या, त्यांना गंज चढू नये म्हणून वर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या खोचलेल्या. पोराच्या लग्नाआधी वरचा मजला चढवायचा असतो. पोरगे अजून नववीत आहे, पण सळ्या तयार. अशा माणसाला मी काय सांगू, की पंचवीस वर्षे टिकणारे पॅनेल इथे बसवा? तो म्हणतो, मजला झाला की बघू. मजला होत नाही, पॅनेलही बसत नाही.

ज्यांनी बसवले त्यांचेही ऐका, कारण शेजारी विचारायला त्यांच्याकडेच जातो. गेल्या एप्रिलमध्ये भर दुपारी एका आप्पांचा फोन आला. “वर ऊन मी म्हणतंय, पॅनेल तापून लाल झाल्यात, आणि घरात लाईट न्हाय. आमास्नी फसीवलं का रं तू?” गावातली लाईन गेली होती. आता छतावरचा हा इन्व्हर्टर लाईनीशी जोडलेला असतो, लाईन गेली की तोही आपोआप बंद पडतो, आणि पडलाच पाहिजे. लाईन गेली म्हणजे माझ्यासारखाच कुणीतरी खांबावर चढलेला असतो. आप्पांच्या छपरावरची वीज उलटी लाईनीत शिरली तर तो वरच्या वर चिकटेल. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते, चूक माझी. पण विकणारे कुणीच ते सांगत नाही, जाहिरातीत तर नाहीच नाही. लाईन नसताना वीज हवी तर बॅटरीवाली यंत्रणा घ्यावी लागते आणि तिचा खर्च ऐकून माणूस गप्प बसतो. आमच्याकडे लाईन जाते ती दुपारीच, म्हणजे ऐन उन्हातले युनिटही गेले आणि पंखाही गेला. आप्पांनी ती गोष्ट पारावर सांगितली. त्या आळीत नंतर एकही पॅनेल बसले नाही.

शिवाय आमचे साखर कारखाने. गाळप सुरू झाले की धुराड्याची काळी भुकटी अख्ख्या गावावर उतरते, दोरीवर वाळत टाकलेले पांढरे धोतर संध्याकाळी घालण्यासारखे राहत नाही. त्यात शेतात पाचट पेटवलेले असते. हिवाळ्यातले ऊन स्वच्छ, पॅनेलला थंडी मानवते, आणि नेमके तेव्हाच त्यांच्यावर काजळी. तीन किलोवॅटला दिवसाला बारा युनिट धरून चालावे, तर आठवड्यात पुसले नाही की आकडा आठ-नऊवर येतो. पुसायचे कुणी? पुष्कळ घरांना वर जायला जिनाच नसतो, शिडी लावून बाईमाणूसच चढते, तेही उजाडायच्या आत. तापल्या काचेवर गार पाणी मारायचे नसते, हे त्या बायकांनी मला न विचारता ओळखले. दोघींनी भांडी घासायच्या पावडरने काचा घासल्या, तेवढे एक सोडले तर त्यांच्यासारखी निगा कुणी राखत नाही.

आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली, पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम झाली. मार्च 2027 पर्यंत देशभरात एक कोटी घरांवर पॅनेल बसवायची आहेत. बसोत. पण एक कोटीतला आमचा वाटा यायचा असेल तर जागृतीच्या रथापेक्षा एक टेबल मांडा. गावच्या यात्रेच्या आठवड्यात किंवा गणपतीत, जेव्हा मुंबई-पुण्याची माणसे घरी असतात, तेव्हा ग्रामपंचायतीत एक दिवस तलाठी, ग्रामसेवक आणि वीज कंपनीचा एक माणूस शेजारी शेजारी बसवा. घराच्या उताऱ्याला वारस तिथेच लागावेत, मीटरचे नाव तिथेच बदलावे. आणि मीटर कुणाच्याही नावावर झाले तरी त्याने घराच्या हिश्शाला धक्का लागत नाही, एवढे एक वाक्य बिलाच्या पुढच्या बाजूला ठळक छापावे. ते मी कितीदा सांगितले तरी थोरल्याला पटणार नाही, छापलेले असले तर कदाचित पटेल.

एक विनंती. पत्र छापलेत तर आमच्या गावाचे आणि वीज कंपनीच्या उपविभागाचे नाव घालू नये. तिथल्या साहेब लोकांकडून माझे दोन नेट मीटर (लाईनीत गेलेली आणि लाईनीतून आलेली वीज मोजणारे) अजून यायचे आहेत.

आपला,
एक वायरमन
ता. वाळवा, जि. सांगली