टिळक मार्गावरून जरा खाली उतरा : केंद्रीय विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. विधी व न्याय मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मी रत्नागिरीत वकिली करतो. दिल्लीच्या टिळक मार्गावरच्या सर्वोच्च न्यायालयाने अधूनमधून मुंबईतही बसावं, ही मागणी घेऊन हे पत्र लिहितो आहे. आमच्याकडे भाऊबंदकी पेटली की जुनी माणसं अजूनही म्हणतात, "प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाईन, पण बांध सोडणार नाही." ब्रिटिश साम्राज्याचं हे शेवटचं अपील न्यायालय कुठे होतं, हे बोलणाऱ्याला ठाऊक असतंच असं नाही. भारतातली अपिलं चालवण्याचा त्याचा अधिकार १० ऑक्टोबर १९४९ रोजी संपला. कोकणातल्या तोंडून मात्र ते अजून गेलेलं नाही.

बाररूममध्ये परवा हाच विषय निघाला आणि एका तरुण वकिलाने विचारलं, "म्हणजे ते कोर्ट अजून आहे?" आहे. लंडनमध्ये पार्लमेंट स्क्वेअरवर, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्याच इमारतीत, २००९ पासून. जमैका, त्रिनिदाद, बहामा, मॉरिशस हे स्वतंत्र देश. केमन, बर्म्युडा, जिब्राल्टर ही ब्रिटनच्या ताब्यातली ठिकाणं. शिवाय जर्सी आणि गर्न्सी ही जवळची बेटं. या सगळ्यांचं शेवटचं अपील आजही तिथेच चालतं. न्यायाधीश बहुधा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचेच असतात, साधारणपणे पाच बसतात. निकालाची भाषाही जुनीच आहे. राजाची सत्ता असेल तिथे निकाल म्हणजे राजाला दिलेला 'नम्र सल्ला' असतो. १९६६ पर्यंत तर भिन्नमत नोंदवायची सोयही नव्हती, कारण राजाला दोन सल्ले कसे द्यायचे!

हे सगळं आपल्याला सांगण्याचं कारण मॉरिशस आहे.

मॉरिशसच्या मराठी लोकांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर राबायला गेले ते आमच्या रत्नागिरीतून, साताऱ्यातून, कोल्हापूरकडून. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. तिथल्या मराठी माणसाच्या जमिनीचा दावा शेवटपर्यंत गेला तर त्याचं शेवटचं न्यायालय लंडनचं, म्हणजे नऊ हजार किलोमीटरहून लांब. पण २००८ साली हे न्यायालय स्वतः उठून पोर्ट लुईसला गेलं, तिथे बसलं आणि तिथल्या पक्षकारांसमोर तिथली अपिलं ऐकली. त्याआधी २००६ मध्ये बहामात बसलं होतं, २०२२ मध्ये केमन बेटांवर बसलं. आता दोन चुलत भावांच्या पणतूंची कल्पना करा. एकाचा पणजोबा बोटीत चढला, दुसऱ्याचा बंदरावरून माघारी फिरला. चढलेल्याच्या पणतूकडे परक्या देशाचं न्यायालय समुद्र ओलांडून आलं. माघारी फिरलेल्याच्या पणतूकडे स्वतःच्या देशाचं न्यायालय दिल्लीहून मुंबईपर्यंत येत नाही. विमानाने हे दोन तासांचं अंतर आहे.

न्यायाधीश कमी आहेत, हे उत्तर मला पटत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांची पदं आहेत बारा. त्या बारांतून माणसं काढून ते पोर्ट लुईसला जातात. आपल्याकडे मंजूर पदं चौतीस. कामाचा बोजा आपल्याकडे फार मोठा आहे, हे मान्य. त्यांच्याकडे वर्षाला काही डझन अपिलं येतात, आपल्याकडे ऐंशी हजारांहून जास्त प्रकरणं पडून आहेत. पण मुंबईचं अपील मुंबईत ऐकलं काय आणि दिल्लीत ऐकलं काय, न्यायाधीशांचे तास तेवढेच जाणार. जास्तीचा लागतो तो प्रवास, आणि तो दोघा न्यायाधीशांनी करायचा की दोनशे पक्षकारांनी, एवढाच प्रश्न आहे.

लांबच्या न्यायालयाचा एक गुण मात्र मी नाकारणार नाही. सर्वोच्च न्यायालय ज्या टिळक मार्गावर आहे, त्याच रत्नागिरीच्या टिळकांचं उदाहरण घ्या. ताईमहाराज प्रकरण म्हणजे टिळकांचे स्नेही बाबामहाराज पंडित यांच्या मागे त्यांच्या विधवा पत्नी ताईमहाराज यांनी घेतलेला कोणता दत्तक खरा, याचा वाद. १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथाचं दत्तविधान झालं, मग ते नाकारलं गेलं, दुसरा दत्तक पुढे आला, आणि विश्वस्त म्हणून टिळक कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. खालच्या कोर्टात जिंकले. ते मंडालेच्या तुरुंगात असताना मुंबई उच्च न्यायालयात निकाल उलटला. अखेर १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो पुन्हा फिरवून टिळकांची बाजू खरी ठरवली. ज्या सरकारने त्यांना राजद्रोहासाठी सहा वर्षं डांबलं, त्याच साम्राज्याच्या शेवटच्या न्यायालयाने त्यांच्या प्रामाणिकपणावरचा डाग पुसला. इथल्या हवेतला राग-लोभ तिथवर पोचला नव्हता.

कॅरिबियन बेटांवरचे लोक आजही नेमकं हेच बोलतात. त्यांच्यासाठी २००५ पासून कॅरिबियन न्यायालय सुरू झालं आहे. त्याचं मुख्यालय त्रिनिदादमध्येच, तरी त्रिनिदादची शेवटची अपिलं लंडनलाच जातात! ग्रेनाडात २०१६ आणि २०१८ मध्ये, अँटिग्वात २०१८ मध्ये सार्वमत झालं आणि दोन्हीकडच्या मतदारांनी लंडन सोडायला नकार दिला. लहान बेटावर सगळे सगळ्यांना ओळखतात, तेव्हा न्यायाधीश अनोळखी असलेला बरा, असं त्यांना वाटतं. मला ते समजतं. आमच्या तालुक्यातही न्यायाधीश कुठल्या गावचे, याची चौकशी पहिल्या दिवशीच होते.

पण न्यायाधीश अनोळखी असावा आणि तो लांब असावा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोर्ट लुईसला गेलेले न्यायाधीश तिथे बसले म्हणून मॉरिशसचे झाले नाहीत. दिल्लीचे दोन न्यायमूर्ती पंधरा दिवस मुंबईत बसले तर तेही कुणाचे सोयरे होणार नाहीत.

राज्यघटनेत याची सोय पहिल्यापासून आहे. कलम १३० सांगतं की सर्वोच्च न्यायालय दिल्लीत बसेल, किंवा राष्ट्रपतींच्या मंजुरीने सरन्यायाधीश ठरवतील अशा इतर ठिकाणी बसेल. २००९ मध्ये विधी आयोगाने आपल्या २२९ व्या अहवालात घटनापीठ दिल्लीत ठेवून चार दिशांना चार अपील खंडपीठं असावीत असं सुचवलं, आणि पश्चिमेसाठी नाव घेतलं ते मुंबईचं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींच्या बैठकीने दिल्लीबाहेर खंडपीठाची गरज नाही असं ठरवलं. २०१६ मध्ये उच्च न्यायालयांवरची अपिलं ऐकणाऱ्या वेगळ्या राष्ट्रीय अपील न्यायालयाचा प्रश्न घटनापीठाकडे सोपवला गेला. आपण म्हणाल, हा सरन्यायाधीशांचा विषय. अर्धा त्यांचा, खरं आहे. पण मंजुरी राष्ट्रपतींची, म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. ती फाईल आपल्याच टेबलावरून जाणार.

मग कोणीतरी म्हणेल, आता ऑनलाइन सुनावणी आहे की. आहे, आणि मी तिचा फायदा घेतो. पण सर्वोच्च न्यायालयात वकिलामार्फत प्रकरण दाखल करायचं तर ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड, म्हणजे त्या न्यायालयात खास नोंदलेला वकील, लागतो, आणि नियम असा की त्याचं कार्यालय दिल्लीत, न्यायालयापासून १६ किलोमीटरच्या आत हवं. पडद्यावर मी रत्नागिरीतून बोलेन, वकीलपत्र मात्र त्या १६ किलोमीटरमधल्या माणसाचं.

माझ्या एका पक्षकाराचं सांगतो, नाव नको. आंब्याच्या कलमांच्या बागेचा वाटपाचा दावा, उच्च न्यायालयात हरला. मुद्दा चांगला होता, मी त्याला दिल्लीला जा म्हणालो. त्याने खिशातून लग्नपत्रिका काढली, कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. मंगला एक्स्प्रेसची तिकिटं, दोघांची, कारण एकट्याने दिल्ली नको. लॉज. तिथल्या वकिलाची फी. मग मी सांगितलं की सातबारे, फेरफार, आजोबांचं वाटणीपत्र या सगळ्याचं इंग्रजी भाषांतर लागेल, पानावर पैसे. त्याने पेन्सिल थांबवली. विचारलं, "फेरफाराला इंग्रजीत काय म्हणतात?" मी सांगितलं. तो म्हणाला, "तिथल्या माणसाला तरी कळेल का?" पत्रिका घडी घालून खिशात ठेवली आणि चहा न पिता गेला. चुलत्याने देऊ केलेल्या तीन कलमांवर पुढच्याच महिन्यात तडजोड झाली. मी अजूनही म्हणतो, मुद्दा चांगला होता.

कोल्हापूरचं उदाहरण आपल्यासमोर ताजं आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, तिथे १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. रत्नागिरीसह सहा जिल्हे त्याला जोडले. चाळीसहून अधिक वर्षं त्यासाठी वकील झगडले. आता आंबा घाट चढला की उच्च न्यायालय. सकाळी निघालेला पक्षकार रात्री घरी जेवायला असतो, आणि सुनावणीला स्वतः बसतो. आपला वकील नेमकं काय बोलतो, हे ऐकून परतताना मलाच दोन प्रश्न विचारतो. (वकिलाला हे नेहमी आवडतंच असं नाही.)

माझी मागणी लहान आहे. कायमचं खंडपीठ, नवी इमारत, नवी पदं, काही नको. वर्षातून दोनदा, पंधरा-पंधरा दिवस, दोन न्यायमूर्तींनी मुंबईत बसावं आणि महाराष्ट्र-गोव्यातली, दाखल करून घेतलेली पण वर्षानुवर्षं पडून राहिलेली दिवाणी अपिलं तेवढी ऐकावीत. तसंच चेन्नईला, कोलकात्याला. दोन वर्षं करून पाहावं, जमलं नाही तर बंद करावं. त्यासाठी कलम १३० खालचा प्रस्ताव आपल्या मंत्रालयाने सरन्यायाधीशांकडे लेखी पाठवावा, आणि तो पाठवला की नाही ते संसदेत सांगावं.

उत्तराची वाट पाहतो. ते इंग्रजीत आलं तरी चालेल. भाषांतर आम्ही करून घेऊ, सवय आहे.

आपला,
रत्नागिरी जिल्हा न्यायालयातला एक वकील