कन्सोलचा खप प्रोसेसरवर ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवा गेम कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र, बाजारात यायचा असला की वृत्तपत्रांतून त्याच्या प्रोसेसरच्या वेगाचे आणि ग्राफिक्सच्या सफाईचे आकडे ठळकपणे छापले जातात. जो कन्सोल अधिक ताकदवान तोच अधिक खपणार, असा वाचकाचा समज त्यामुळे होतो. विक्रीचा इतिहास मात्र अनेकदा याच्या उलट सांगतो.

१९८९ साली आलेल्या निन्टेंडो कंपनीच्या, हातात धरून खेळायच्या गेम बॉयचा पडदा हिरवट होता, त्यात रंग नव्हते आणि प्रकाशही नव्हता. पुढच्याच वर्षी आलेल्या सेगाच्या गेम गिअरला ही दोन्ही सुखे होती. पण त्याला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत, तर गेम बॉय चार सेलांवर दहा तासांहून अधिक चाले. रंगांचे कौतुक मुलाला असले तरी सेलचे पैसे बापाच्या खिशातून जात होते, हे विसरून चालणार नाही. शिवाय अमेरिकेत गेम बॉयसोबतच ‘टेट्रिस’ हा गेम मिळत असे आणि तो मोठ्यांनाही सोडवत नसे. गेम बॉय व त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख नग खपले. गेम गिअरची मजल जेमतेम एक कोटीच्या आसपास गेली.

हाच निन्टेंडो पुढे स्वतः चुकला. १९९६ च्या निन्टेंडो ६४ मध्ये ताकद होती, परंतु कंपनीने सीडीऐवजी कॅसेटचाच आग्रह धरला. कॅसेट बनवायला महाग आणि तिच्यात जागा कमी, त्यामुळे गेम बनवणाऱ्या अनेक कंपन्या सोनीच्या प्लेस्टेशनकडे वळल्या. ‘फायनल फँटसी ७’ हा गेम १९९७ साली तीन सीडींवर तिथेच प्रसिद्ध झाला. जिथे गेम, तिथे गिऱ्हाईक. प्लेस्टेशनने दहा कोटींचा टप्पा ओलांडला, निन्टेंडो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास थांबला.

२००० सालच्या प्लेस्टेशन २ चे उदाहरण तर याहून बोलके आहे. वर्षभराने आलेला एक्सबॉक्स त्याच्यापेक्षा सरस होता, पण प्लेस्टेशन २ वर जुन्या प्लेस्टेशनच्या डिस्क चालत आणि डीव्हीडीवर चित्रपटही पाहता येत. डीव्हीडी प्लेअर महाग असलेल्या त्या काळात एकाच खर्चात दोन वस्तू घरात येत असल्याने घरच्यांची समजूत काढणे सोपे गेले असणार. हा कन्सोल सुमारे १६ कोटी खपला. एक्सबॉक्स अडीच कोटींच्या आतच राहिला.

नावाचीही किंमत मोजावी लागते. निन्टेंडोचा ‘वी’ हा कन्सोल दहा कोटींहून अधिक खपला असताना त्याच कंपनीचा, त्याहून ताकदवान ‘वी यू’ दीड कोटीही गाठू शकला नाही, कारण अनेकांना तो नवा कन्सोल नसून जुन्याचीच जोडणी वाटली.

आपल्याकडे मोठ्या कंपनीच्या एकेका नव्या गेमला आज पाच हजार रुपयांच्या आसपास मोजावे लागतात. तेव्हा नव्या कन्सोलची बातमी देताना पहिल्या दिवशी कोणते गेम मिळणार, जुन्या डिस्क त्यावर चालणार की नाही आणि एका गेमची किंमत काय, एवढी माहिती प्रोसेसरच्या आकड्यांशेजारी चौकटीत द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, सांगली