आरोग्यमंत्री साहेब, टाके सुकल्यावर बाईला कुणी विचारतच नाही

नमस्कार साहेब,

मी सांगलीत गावभागात ब्लाउज शिवते. कॅन्सरवर तुम्हाला पत्र लिहिणारी ही कोण असं वाटेल, पण छातीचं ऑपरेशन झालेली बाई डॉक्टर-नर्स सोडून कुणासमोर पदर बाजूला करत असेल तर ती टेलरसमोर, कारण जुने ब्लाउज बसत नाहीत आणि माप नव्यानं घ्यावंच लागतं. मिरजेत ऑपरेशन झालेल्या, कराडला केमो घेणाऱ्या, मुंबईला टाटाला जाऊन आलेल्या अशा सगळ्या येतात माझ्याकडं. नावं कुणाचीच लिहीत नाही.

एकीनं फडक्याच्या पुरचुंडीत मोहरी भरून ती ब्रामध्ये ठेवलेली. नुसता कापूस हलका पडतो, चालताना वर सरकतो, मोहरीला वजन असतं. आता मी आतून कप्पाच शिवते म्हणजे पुरचुंडी जागची हलत नाही, आणि काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला सूज येते म्हणून त्या बाजूची बाही सैल ठेवते. ब्लाउज अंगात घालून आरशासमोर उभी राहिली की मग बाई बोलायला लागते. नवऱ्याला अजून टाके दाखवले नाहीत म्हणते. अंघोळ करताना लाईट बंद करते म्हणते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जात नाही, डोकं दुखतंय सांगते, कारण सगळ्यांची नजर आधी छातीवर जाते. आणि एक तर सारखं ऐकते, पोरीच्या लग्नात आडवं येईल म्हणून भावकीत खरं सांगितलंच नाही, पिशवी काढली एवढंच सांगितलं. शंभरात पाच ते दहा जणींनाच हा आजार घराण्यातून येतो, हे त्या आईला कुणी शेजारी बसून नीट सांगितलं असतं तर निम्मा घोर तिथंच कमी झाला असता की नाही?

केमो चालू असते तोवर घरात सगळे धावपळ करतात. खरी पंचाईत पुढं. शेवटचं रेडिएशन झालं, पेढे वाटले, घरचे म्हणतात आता सुटलीस बाई, आणि तिथनं ती खचायला लागते. झोप नाही, पाठ दुखली तरी परत आला का ही धास्ती, चेकअपची तारीख जवळ आली की घास गिळत नाही. त्यात कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षं, कुणाकुणाला दहा, तिनं अंगाची लाही होते, चिडचिड होते, मग घरचे म्हणणार बरी झाली तरी हिचं तोंड वाकडंच. आपल्याकडं हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकर गाठतो, म्हणजे पोरं अजून शाळेत आहेत अशा बायका या, आणि केमोनं पाळी बंद झालेल्या.

पैशाचं तुम्ही केलंय, नाही म्हणणार नाही. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं, दीड लाखाची मर्यादा पाच लाख झाली, त्यावर कितीतरी घरं तरली. पण माझी जाऊ आशा सेविका आहे, तिशीच्या वरच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजार लवकर ओळखायचा सरकारी प्रश्नांचा कागद, ती घरोघर जाऊन भरते. त्यात छातीत गाठ आहे का हा प्रश्न आहे, आणि त्याच फॉर्मात शेवटी उदास वाटतं का, कशात मन लागत नाही का, असेही दोन प्रश्न आहेत. म्हणजे गाठ सापडायच्या आधी सरकार बाईला विचारतंय मन कसंय, आणि गाठ सापडल्यावर माझ्याकडं येणाऱ्या एकीलाही कुणी विचारलेलं नाही! २०२२ मध्ये देशात या कॅन्सरच्या नवीन पेशंट १ लाख ९२ हजारांच्या घरात होत्या, बायकांच्या कॅन्सरमध्ये हाच एक नंबरला, आणि आपलं काय तर या कॅन्सरच्या जागृतीचा ऑक्टोबर महिना आला की गुलाबी फुगे आणि रॅली.

टेलि-मानस, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवर बोलायची सरकारी सोय, तिचा १४४१६ नंबर मी दुकानात चिकटवलाय, चांगला आहे. पण मोबाईल पोराच्या हातात आणि पलीकडच्या खोलीत सासू, बोलणार कधी? मानसोपचार ओपीडी आहे, पण तिचा आणि कॅन्सरवाल्यांचा एकमेकांना पत्ता नसतो. हे किती महागात पडतं ते मला एका फार्मासिस्ट गिऱ्हाईकीणबाईनं सांगितलं, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन अशा डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनचा असर कमी होऊ शकतो. दुसऱ्या गोळ्या आहेत, पण त्या लिहून देणाऱ्याला आधीची फाईल दिसायला तर पाहिजे. (वाचणाऱ्या बायांनो, गोळी मनानं बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.)

तर साहेब, जिथं जिथं योजनेतून केमो दिली जाते तिथं एक समुपदेशक बसवा, बाईच पाहिजे, आणि आपल्या बोलीत बोलणारी. सलाईन तासन्‌तास चालू असतं, तेवढ्यात खुर्ची ओढून बोलता येतं, वेगळी एसी केबिन नको. उपचार संपल्यावरही प्रत्येक चेकअपला वजन, बीपी लिहितात तसं सीबॅकमधले तेच दोन प्रश्न विचारून फाईलवर लिहा. नवऱ्यालाही एकदा आत बोलवा, तो बिचारा बाहेर तंबाखू मळत उभा असतो, बायकोशी काय बोलावं हे त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं. ब्रातले पॅड योजनेत घ्या, बचत गटाच्या बायका शिवून देतील, नमुना मी फुकट देते.

आणि समुपदेशक अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नको. बाईला तोंड उघडायलाच तीन-चार भेटी लागतात, आणि ती बोलायला लागते तोवर हिची ऑर्डर संपलेली असते.

आपली,
सांगलीची एक टेलर