मिरजेच्या गच्चीवरचं भांडण

कोल्हापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

तुझ्या दोन फोनांना चार महिने उत्तर दिलं नाही, मनाला लागून राहिलंय. तब्येत ठीक. आईही बरी.

पाच वर्षांची पोर गेली रे. घटसर्प. ऊसतोडीच्या टोळीतली. घशात तोच राखाडी पडदा, मान तशीच सुजलेली. मिरजेतली ती रात्र तू बघितलीयस, म्हणून तुलाच लिहितोय. कल्चरच्या रिपोर्टची वाट न बघता जंतूच्या विषावरचं अँटिटॉक्सिन दिलं, पण आणली पाचव्या दिवशी. विष एकदा पेशीत शिरलं की औषधाला सापडत नाही. पडदा गळला, पेज प्यायली, नर्सकडं बघून हसलीसुद्धा. बाराव्या दिवशी पहाटे हृदयानं दगा दिला.

या औषधाच्या कामासाठी बेरिंगला नोबेल मिळालं ते १९०१ साली! लस फुकट आहे. सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस तिला मिळालेले. दीड वर्षाचा बूस्टर राहिला. तेव्हा नाव गावच्या यादीत आणि पोर इकडं फडात. आणि मी दहा वर्षं काय करतोय, तर जंतू विष तयार करतो का ते तपासतोय. तिच्या जंतूचा रिपोर्ट ती गेल्यावर आला. करतो म्हणून.

आता प्रयोगशाळा सोडून खोपटी पालथी घालावीत, कुणाचे डोस का सुटतात ते मोजावं, असं डोक्यात आहे. वरिष्ठ म्हणतात, हे संशोधन नव्हे. मला हेच संशोधन वाटतं.

गच्चीवर तू म्हणालास, "पेशंटला भितोस म्हणून लॅबमध्ये पळतोयस." मिसळीबरोबर ब्रेड सोडून पाव मागणाऱ्याचं काय ऐकायचं, म्हणत मी दोन महिने बोललो नाही. भावा, ते रागात म्हणालास की तुला तसं दिसलं होतं? खरं लिही.

वहिनींचा गुडघा कसा आहे? लेकीची बारावी ना यंदा? तिला आशीर्वाद.

त्या पोरीच्या आईबापांना लागण होऊ नये म्हणून वॉर्डातच एरिथ्रोमायसिन दिलं. तिची धाकटी बहीण मावशीजवळ खोपटात होती. आमची माणसं पोचेपर्यंत टोळी पुढच्या फडावर गेलेली. आज मुकादमाचा फोन लागला. शिरोळकडं आहेत. पहाटे चारला निघतोय, माणसं फडात जायच्या आत गाठायला हवं. धाकटी दीड वर्षाची आहे.

तुझा,
दिल्या