मोत्यासकट सगळे श्रॉपशायरला

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही दोघांनी एका सुरात सांगितलंत, "तुम्ही जा फिरायला, आम्ही घरी मोत्याजवळ थांबतो." तेव्हा मी फार बोलले नाही. अशी गोष्ट फोनवर धड मांडता येत नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले. जूनच्या मध्याला तुम्ही इथे इंग्लंडला आलेले असाल, तेव्हा तुम्ही दोघं, अमेय, मी आणि आपला कुत्रा मोत्या, असे सगळे मिळून आठवडाभर श्रॉपशायरला जायचं मी ठरवलंय. ही सहल तुमच्यासाठीच आखली आहे. तुम्ही घरी राहणार असाल तर मला ती नकोच.

श्रॉपशायर हा जिल्हा आमच्या बर्मिंगहॅमच्या वायव्येला, वेल्सच्या सीमेला लागून आहे. गाडीने दीडेक तास. शेतं, मेंढ्या, हिरवे डोंगर आणि छोटी छोटी गावं. आपण चर्च स्ट्रेटन नावाच्या गावाजवळ राहणार आहोत. घर बैठं आहे, पूर्वी गोठा होता, आता नीट दुरुस्त करून भाड्याने देतात. जिना नाही, न्हाणीघराला उंबरा नाही, आणि मागच्या अंगणाला चारी बाजूंनी पक्कं कुंपण आहे, म्हणजे मोत्या मोकळा फिरू शकेल. कुत्र्याचे थोडे जास्त पैसे घेतात. त्याला घरात एकटं सोडून जायचं नाही आणि सोफ्यावर चढू द्यायचं नाही, एवढ्या दोनच अटी. खर्चाचं तुम्ही विचारणार, तर ते आम्ही पाहिलं आहे, त्यावर बोलायचं नाही.

आई, तुला वाटतं की तुझ्या गुडघ्यांमुळे आमचा खोळंबा होईल. तर ऐक. मोत्याला आता नववं वर्ष चालू आहे, मागचे पाय आखडतात. त्याच्याबरोबर निघायचं म्हणजे एका दिवसात पाच ठिकाणं उरकण्याचा विचार आपोआप गळून पडतो. थोडं चालायचं, बसायचं, पाणी प्यायचं, पुन्हा थोडं चालायचं. मला अशीच सुट्टी हवी आहे, तुमच्याबरोबर.

इथे लोकांच्या शेतांमधून सार्वजनिक पायवाटा जातात. जमीन कोणाचीही असो, त्या वाटेने चालायचा हक्क सगळ्यांना असतो. मात्र कुंपण आलं की बऱ्याच ठिकाणी ते ओलांडायला स्टाइल असते, म्हणजे एक-दोन आडव्या फळ्या, त्यांवर पाय देऊन वर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. मोत्याला ते जमत नाही आणि बत्तीस किलोचा कुत्रा कोण उचलणार? तुझ्या गुडघ्यालाही ते नको. नकाशात पायवाटा दिसतात, स्टाइल दिसत नाहीत. म्हणून अमेय आणि मी मार्चमध्ये तिकडे जाऊन वाटा स्वतः चालून आलो. जिथे उघडझाप होणारं फाटक आहे तेवढ्याच वाटा ठेवल्या, बाकीच्यांवर काट मारली.

पहिल्या दिवशी कार्डिंग मिल व्हॅली. दोन डोंगरांमधली अरुंद दरी, मधून ओढा. वाटेचा खालचा भाग जवळजवळ सपाट आहे आणि चहाचं दुकानही तिथेच आहे. ही दरी आणि वरचा डोंगर नॅशनल ट्रस्ट सांभाळतं. इथल्या जुन्या वास्तू आणि निसर्ग राखणारी ही संस्था 1895 सालची आहे. मोत्या ओढ्यात बसेल, तो उठेपर्यंत आपणही बसू.

वरचा डोंगर म्हणजे लाँग मिंड. बाबा, याचे खडक साधारण 56 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. खालून पाहिलं तर उंच, पण वर पोचलं की आपल्या देवगडच्या सड्यासारखं सपाट, उघडं, वाऱ्याचं. सगळ्यात उंच जागा पोल बँक, 516 मीटर. वरपर्यंत गाडी जाते, तिथून शेवटचा टप्पा हलक्या चढाचा आहे. हवा स्वच्छ असली तर पश्चिमेला वेल्सचे डोंगर ओळीने दिसतात. गाडीचा रस्ता मात्र अरुंद आहे आणि एका बाजूला सरळ उतार, तेव्हा आई, तू डोंगराच्या बाजूला बस आणि अमेयला हळू चालवायला सांगू. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी झोप काढून चहा घेऊन निघालो तरी चालेल.

या डोंगरावर मेंढ्या मोकळ्या चरतात, रानटी दिसणारी छोटी घोडी फिरतात. त्यांना काही खायला द्यायचं नाही. बाबा, तुम्ही मागच्या खेपेला मोत्याबद्दल "सोड गं जरा बिचाऱ्याला" म्हणत होतात, तसं इथे नाही चालणार. 1 मार्च ते 31 जुलै या काळात अशा मोकळ्या डोंगराळ जमिनीवर कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीवरच ठेवायचा, असा 2000 सालचा कायदा आहे. गुरामेंढरांजवळ तर बारा महिने. चंडोल आणि टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात, कुत्रा नुसता हुंगत गेला तरी त्या उठतात आणि अंडी गार पडतात. मेंढ्यांमागे लागलेला कुत्रा आवरायला दुसरा इलाज नसेल तर शेतकरी त्याला गोळीही घालू शकतो. मोत्या कितीही गुणी असला तरी मला ही जोखीम नको. मला हा कायदा फार पटतो. डोंगर आधी त्या पक्ष्यांचा आणि मेंढपाळांचा आहे.

आता गाईंबद्दल, आणि हे दोघांनीही लक्ष देऊन वाचा. तुमचं आयुष्य गोठ्याशेजारी गेलं, गाय दिसली की तुम्ही पाठीवर हात ठेवायला पुढे होता. इथल्या शेतातल्या गाईंना माणसाची तशी सवय नसते. त्या वासरांसह मोकळ्या असतात आणि कुत्रा दिसला की वासरू वाचवायला कळपाने अंगावर येऊ शकतात. माणसं जखमी होतात, दगावतातही. म्हणून कळप दिसला की लांबून वळसा घालायचा, गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जायचं नाही, पळायचं नाही. आणि तरीही त्या धावून आल्याच तर मोत्याची दोरी हातातून सोडून द्यायची. तुमच्या हातात दोरी असेल तर तुम्ही मायेने ती घट्ट धराल, हे मला ठाऊक आहे. धरायची नाही. त्या कुत्र्यावर धावून येतात आणि तो त्यांच्यापेक्षा चपळ आहे, तो सुटतो. शेतातून जाताना दोरी अमेयकडे राहील.

जूनमध्ये रस्त्याकडेच्या बांधांवर फॉक्सग्लव्ह फुललेलं असतं. कमरेपेक्षा उंच दांडा आणि त्यावर एकाखाली एक गुलाबी-जांभळ्या घंटा. आई, तू फुलाला हात लावल्याशिवाय राहत नाहीस, पण हे तोडू नकोस, ते विषारी आहे, माणसाला आणि मोत्याला दोघांनाही. तरी त्याच्यापाशी क्षणभर थांबूया. आजी हृदयासाठी डायगॉक्सिनची गोळी घ्यायची ना, ती याच कुळातल्या झाडापासून आली. विल्यम विदरिंग नावाचा डॉक्टर, जन्म 1741, याच श्रॉपशायरमधल्या वेलिंग्टनचा. पुढे तो बर्मिंगहॅमला दवाखाना चालवायचा. अंगाला सूज येण्यावर श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीकडे घरगुती काढा आहे आणि ती तो कोणाला सांगत नाही, असं त्याच्या कानावर आलं. वीसेक वनस्पतींच्या त्या मिश्रणात गुण कशाचा ते त्याने ओळखलं, वर्षानुवर्षं रोग्यांवर मात्रा तपासून पाहिली आणि 1785 मध्ये पुस्तक लिहिलं. म्हातारीचं नाव त्याने लिहून ठेवलेलं नाही, याची मला खंत वाटते. आजीची शेवटची वर्षं थोडीफार तिच्याही पदरची.

बाबा, एक दिवस तुमचा. आयर्नब्रिज. सेव्हर्न नदीवर 1779 मध्ये उभा केलेला ओतीव लोखंडाचा पूल, जगातला या प्रकारचा पहिला मोठा पूल. गाळा साधारण तीस मीटर. तुम्ही बांधकाम खात्यात असताना साकवांची कामं पाहायचात, म्हणून हे सांगते. लोखंडाचे सांधे कसे करायचे याची तेव्हा रीत नव्हती, तेव्हा सुतारकामातलेच सांधे वापरले, खाचा आणि पाचरी. खाली नदीकाठी उभं राहिलं की ते सगळे सांधे दिसतात. 1934 पासून पुलावर वाहनं बंद आहेत, त्यामुळे मोत्याला घेऊन निवांत पार जाता येतं. त्याच्या जवळच कोलब्रुकडेलमध्ये 1709 साली एब्रहॅम डार्बीने लोणारी कोळशाऐवजी दगडी कोळसा भाजून केलेल्या कोकवर लोखंड गाळलं. पूल त्याच्या नातवाने बांधला. तुम्हाला पाहिजे तितका वेळ थांबू.

श्रूसबरी या श्रॉपशायरच्या मुख्य गावी जायचं ठरवताना मी जरा विचारात पडले होते. तिथल्या चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे, 1860 सालचा. हा माणूस श्रॉपशायरचाच, 1725 मध्ये मार्केट ड्रेटनजवळ जन्मला. तुम्ही आम्हाला विजयदुर्गाच्या तटावरून वाघोटनची खाडी दाखवून सांगायचात, फेब्रुवारी 1756 मध्ये इथेच तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. समुद्रातून इंग्रज आरमाराचा वॉटसन आणि जमिनीवरून हाच क्लाइव्ह. प्लासी त्याच्या पुढच्या वर्षी. नानासाहेब पेशव्यांनी आपल्याच आरमाराविरुद्ध इंग्रजांना साथ दिली, हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. 2020 मध्ये हा पुतळा हटवावा म्हणून पुष्कळांनी सह्या केल्या, पण तो तिथेच आहे. तुम्ही त्याच्यासमोर उभं राहून मला आणि अमेयला पुन्हा एकदा विजयदुर्गाची सगळी हकिकत सांगावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्या चौकात ती कोणीतरी मराठीत सांगायलाच हवी. नंतर नदीकाठच्या क्वारी बागेत लिंडनच्या झाडांखाली बसू. डार्विन 1809 मध्ये याच गावात जन्मला, तेही घर बाहेरून पाहता येईल.

जेवणाचं. घरात स्वयंपाकघर आहे, त्यामुळे सकाळ-रात्र आपलं आपण. तांदूळ, मुगाची डाळ, गोडा मसाला इथून नेऊ, कोकमं मात्र तू घेऊन ये, आपल्या घरची. दुपारी कुठेतरी पबमध्ये खाऊ. आई, नाव ऐकून बिचकू नकोस. खेड्यातल्या पबमध्ये आजी-आजोबा, नातवंडं, कुत्री सगळी येतात, बटाट्याचं किंवा मशरूमचं शाकाहारी काहीतरी मिळतंच आणि कुत्र्यासाठी पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं. आपण बाहेर बागेत बसू.

आणि मोत्याला ताटातलं देण्याबद्दल. तुझा जीव राहत नाही, मला माहीत आहे. पोळीचा तुकडा दे, नुसता भात दे. पण शिऱ्यातला बेदाणा, द्राक्ष, कांदा-लसूण घातलेलं काहीही आणि चॉकलेट हे त्याला विष आहे. बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्याच्या वाटणीचा शिरा बेदाणे घालायच्या आधी बाजूला काढ, म्हणजे तुझंही मन राहील.

रोज संध्याकाळी त्याच्या अंगावर गोचीड आहे का ते पाहायचं, विशेषतः नेच्याच्या झुडपांतून आल्यावर. तेच तुमच्या पायांचंही. इथल्या काही गोचिडांतून लाइम नावाचा आजार होतो, म्हणून पायमोजे पँटवर ओढून चालायचं. हे काम आई तुझ्याइतकं नीट कोणी करणार नाही.

बाबा, प्रवासाचा विमा काढताना रक्तदाबाची गोळी लपवू नका, स्पष्ट लिहा. गोळ्या तीन महिन्यांना पुरतील एवढ्या आणा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

घराचे उरलेले पैसे या महिनाअखेरीस भरायचे आहेत. तेव्हा रविवारी फोन कराल तेव्हा मला फक्त "येतो" म्हणा. आणि चपला घालून डोंगरावर नेणार नाही, तर दोघांच्या पावलांचं माप कागदावर आखून त्याचा फोटो पाठवा. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना घ्या, बूट मी इथून आणून ठेवते.

तुमची,
सई