जेन्सनचे पाच श्रोते आणि तुझा पेपर

मित्रा,

तुझा मेसेज वाचला आणि उत्तर टाइप करता करता एवढं वाढत गेलं की म्हटलं सरळ पत्रच लिहावं. हॉर्मोन रिसेप्टरवरचा, म्हणजे पेशीत हॉर्मोनला पकडणाऱ्या प्रोटीनवरचा पेपर येऊन इतके दिवस झाले, कोणी सायट करत नाही, म्हणजे आपल्या पेपरमध्ये त्याचा संदर्भ देत नाही, गूगल स्कॉलर उघडायलाही नको वाटतं म्हणतोस. अरे, तुझ्याच फील्डची सुरुवात कशी झाली ते बघ ना.

1950 च्या दशकात बहुतेकांना वाटायचं की इस्ट्रोजेनवर पेशीतले एन्झाइम रिअ‍ॅक्शन करतात आणि त्यातूनच पुढचा सगळा परिणाम होतो. शिकागोत एलवूड जेन्सन आणि हर्बर्ट जेकबसननी ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेलं इस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, बनवून मादी रॅटना दिलं, तर ते गर्भाशयात जाऊन साठून राहिलं आणि तेही जसंच्या तसं, रासायनिक बदल काहीच नाही. म्हणजे तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी आहे! 1958 मध्ये व्हिएन्नाच्या बायोकेमिस्ट्री काँग्रेसमध्ये जेन्सननी हे मांडलं तेव्हा ऐकायला पाच जण होते, त्यातले तीन तर त्याच सेशनचे वक्ते. उरले दोन. मला हे फार भारी वाटतं, कारण प्रयोग तेव्हाही तितकाच पक्का होता.

मग 1985 मध्ये सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या रोनाल्ड इव्हान्सच्या लॅबने माणसाच्या ग्लुकोकॉर्टिकॉइड (कॉर्टिसॉलसारखी हॉर्मोन) रिसेप्टरचा जीन क्लोन केला, म्हणजे वेगळा काढून त्याच्या प्रती बनवल्या, 1986 मध्ये स्ट्रासबर्गच्या पियेर शाँबाँच्या लॅबने इस्ट्रोजेन रिसेप्टरचा, आणि सीक्वेन्स शेजारी ठेवले तर बांधणी एकच निघाली, मध्ये झिंक धरून डीएनएला चिकटणारा भाग आणि शेवटाकडे हॉर्मोन पकडणारा. थायरॉइड, व्हिटॅमिन डी, रेटिनॉइक अ‍ॅसिड, सगळ्यांचे रिसेप्टर याच कुटुंबातले निघाले, माणसात एकूण 48. 1988 मध्ये इव्हान्सने सायन्समध्ये या मोठ्या कुटुंबावर, म्हणजे सुपरफॅमिलीवर, रिव्ह्यू लिहिला, त्याला हजारोंनी सायटेशन आहेत, आणि मला विचारशील तर ती मिळायलाच हवी होती. कारण त्यात पुढच्यांसाठी केवढं तरी काम उघडं पडलं होतं. सीक्वेन्सच्या साम्यावरून असे रिसेप्टर सापडायला लागले की ज्यांचं हॉर्मोनच कोणाला माहीत नव्हतं, ऑर्फन म्हणायचे त्यांना, आणि एकेका ऑर्फनमागे अख्ख्या लॅब लागल्या. 1992 मध्ये आरएक्सआर नावाच्या ऑर्फनला 9-सिस रेटिनॉइक अ‍ॅसिड बांधलं जातं हे कळलं, 1999 मध्ये एफएक्सआर नावाच्या दुसऱ्याला पित्तातली आम्लं. आधी रिसेप्टर आणि मग त्याचा हॉर्मोन, असा उलटा प्रवास! त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला तो रिव्ह्यू सायट करणं भागच होतं.

पण आकड्यात मावत नाही असंही काम असतं. जेन्सनच्या काळात प्रगत ब्रेस्ट कॅन्सरमध्ये इस्ट्रोजेन कमी व्हावं म्हणून अंडाशय नाहीतर अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढून टाकायचे आणि फायदा साधारण एक तृतीयांश बायकांनाच व्हायचा, बाकीच्यांनी ते ऑपरेशन उगाच सोसलं. गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर नसेल तर या उपचाराचा उपयोग होण्याची शक्यता फार कमी, हे जेन्सननी दाखवून दिलं. आज गाठीची ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) टेस्ट इतकी नेहमीची झालीये की पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये त्यांचं नाव कोण घालणार? 2004 चं लास्कर अवॉर्ड शाँबाँ, इव्हान्स आणि जेन्सन तिघांना मिळून दिलं तेव्हा मूळ प्रयोगांना चाळीसहून जास्त वर्षं झाली होती.

आणि बघ, सगळ्यात जास्त सायट झालेला पेपर म्हणून ज्याचं नाव घेतात तो लाउरीचा 1951 चा, प्रोटीन मोजायची पद्धत, तीन लाखांहून जास्त सायटेशन. उपयोगी आहेच, पण त्याच्या आकड्यासमोर जेन्सनचा आकडा ठेवून काय कळणार? इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे पेपरमागे सरासरी किती सायटेशन याचा आकडा, तर जर्नलचा असतो, त्यावरून माणूस जोखू नका असं 2012 पासून संशोधनाच्या मूल्यमापनावरचा डोरा जाहीरनामा सांगतोय, तरी कमिट्या तेच करतात आणि याचा मला खरंच राग येतो.

तुझ्या पेपरमधला तो म्युटंटचा, म्हणजे मुद्दाम बदललेल्या रिसेप्टरचा, डेटा मला महत्त्वाचा वाटतो, हॉर्मोन पकडतो पण कोअ‍ॅक्टिव्हेटर (जीन चालू करायला मदत करणारं प्रोटीन) येत नाही, हे वेगळं करून दाखवणं सोपं नाही. त्या जीनचं प्लास्मिड (जीन वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ) अ‍ॅडजीनला पाठव, ते इतर लॅबना प्लास्मिड पुरवतात, रॉ डेटा उघडा ठेव, दुसऱ्या कोणाला तो प्रयोग पुढे न्यायचा असेल तर त्याची अडचण व्हायला नको. आणि सप्लिमेंटमधल्या बाइंडिंग कर्व्हची (हॉर्मोन किती बांधलं जातं त्या आलेखाची) मूळ फाइल मला पाठव, हॉर्मोनचं प्रमाण कमी असताना तो जरा वेगळा वळतोय असं वाटतंय, मला नीट बघायचंय.

तुझाच

दोस्त